न धुतलेली लोकर

कझाकांच्या मुलखात, सेमे शहरापलीकडच्या माळावर, कोकबुलाकच्या उलबोल्सिनची गोष्ट अजून सांगतात. भर दुपारी तिनं लेकीच्या सासरी धाड घातली, व्याह्याचा हात मोडला, जावयाचं नाक फोडलं आणि आपणच आंदणात दिलेला लोकरीचा नमदा हिसकावून आणला. सांगणारे हसतात. बाईचं डोकं फिरलं होतं म्हणतात. हसू द्या त्यांना. धाड का घातली, हे त्यातल्या एकालाही धड सांगता येत नाही, आणि ज्यांना येत होतं त्यांनी तोंड उघडणार नाही म्हणून कागदावर सह्या केल्या होत्या.

उलबोल्सिन म्हणजे ‘मुलगा होऊ दे’. तीन मुलींच्या पाठीवर चौथी आली की हताश आईबाप असलं नाव ठेवतात. मुलगा काही झाला नाही, नाव मात्र हिला जन्माचं चिकटलं. बाप दुष्काळाच्या साली गेला. सरकारची माणसं शेवटची घोडी सोडून न्यायला लागली तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन धावला आणि दारातच गोळी खाऊन पडला. नवरा लढाईत गेला, कुठं पुरला तेही कळलं नाही. मागे राहिली एक लेक, कार्लिगाश, आणि दोन हात. पण हात कसले! कोपरापासून मनगटापर्यंत कातडी टाचेसारखी घट्ट झालेली. सामुदायिक शेतावरच्या कारकुनानं एकदा तिच्या पाठीवरून नको तिथं हात फिरवला, तेव्हा तिनं ओल्या चटईनं त्याला एवढा झोडपला की तो आठवडाभर पालथा झोपत होता.

ती नमदे करायची. लोकर विणायची नाही की कातायची नाही. बडवायची, उकळतं पाणी ओतायचं, गुंडाळून लाथांनी लोळवायची, मग गुडघ्यावर बसून कोपरांनी तासन् तास रगडायची. तेव्हा कुठं केसाला केस धरतो आणि बोटभर जाडीचं एकजीव अंथरूण होतं. बाकीच्या बायका कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात बुचकळून घ्यायच्या. उलबोल्सिन त्यांना हसायची. लोकरीतला तेलकट मळ हाच खरा चिकटा, धुतलेली लोकर म्हणजे बोळकं, काही धरत नाही, असं ती म्हणायची. तिचे नमदे बापाकडून लेकाकडे जायचे आणि मधे कधी फाटायचे नाहीत. हा तिचा ताठा होता, आणि तोच तिला नडला.

१९५३ चा ऑगस्ट. सकाळी शिपाई दारोदार आले. चुली विझवा, खिडक्या उघड्या टाका, ओढ्याच्या खळगीत पालथे पडा, वर बघू नका. उलबोल्सिननं विचारलं, मेंढ्यांचं काय? पोरसवदा शिपायानं कागद उलटसुलट पाहिला आणि मेंढ्यांबद्दल हुकूम नाही म्हणाला. तिच्या अकरा मेंढ्या टेकाडावर चरत राहिल्या.

लेकीला पोटाखाली दाबून ती पालथी पडली. आधी उजेड आला. डोळे घट्ट मिटलेले असूनही समोरचं गवत तिला काडी न् काडी दिसलं. मग मानेवर भट्टीचं दार उघडल्यासारखी आच. त्यानंतर शांतता, इतकी की लोकांना वाटलं झालं, संपलं. शेजारचा म्हातारा गुडघे झटकत उभा राहिला. त्याच क्षणी जमीन खालून उसळली आणि सगळ्यांच्या छातीत बसली, पाठोपाठ वारा आला. म्हाताऱ्याला त्यानं उचलून गाडीच्या चाकावर आपटलं. पाठीचा कणा मोडल्याचा आवाज आला म्हणतात, पण त्या गडगडाटात कुणाला काय ऐकू येणार. ज्यानं त्यानं तो आपल्या अंगात ऐकला. घरांची छपरं उडाली. खुंट्याला बांधलेली घोडी भिंतीखाली सापडली, तिची आतडी बाहेर आली तरी ती उठायला बघत होती. उलबोल्सिनचा कुत्रा तेवढा वर बघत होता. त्याचे डोळे दुधासारखे झाले. तो स्वतःभोवती गरगर फिरत हवेला चावे घेऊ लागला. शिपायानं त्याला गोळी घातली. पहिली चुकली. दुसरीनंही तो लगेच मेला नाही.

कार्लिगाशच्या दोन्ही कानांतून रक्त आलं होतं. दुपारी वारा पडला आणि आभाळातून चाळणीतून पीठ चाळावं तशी राखाडी धूळ पडू लागली. ती गवतावर पडली, पाण्यावर पडली आणि मेंढ्यांच्या पाठींवर बसली. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतले दोघे टकटक वाजणारी पेटी घेऊन आले. मेंढ्यांवर धरल्यावर पेटी गारा पडल्यासारखी कडकडली. ते एकमेकांकडे बघून काहीतरी लिहून निघून गेले. जाण्याआधी गावाचे अंगठे आणि सह्या घेतल्या. बोललात तर पंचवीस वर्षं.

दोन मेंढ्या एका अंगानं करपून मेल्या. उरलेल्या नवांची शरदातली लोकर उलबोल्सिननं नेहमीप्रमाणे न धुता कातरली. तिच्या जोडीला दोन विधवा असायच्या, बातिमा आणि राखिया. तिघींनी कातड्यावर लोकर पसरून विलो झाडाच्या छड्यांनी ती बडवली. तीन दिवस छड्या वाजत होत्या. धूळ उठत होती, त्या खोकत होत्या, थुंकत होत्या आणि पुन्हा बडवत होत्या. तिच्या हातून झालेला सगळ्यात चांगला नमदा तो. ऑक्टोबरात कार्लिगाशचं लग्न झालं, आणि घोड्यावर अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या बोझतोबे गावी ती तो नमदा घेऊन नांदायला गेली. त्या दिशेला वारा गेलाच नव्हता. बोझतोबेच्या लोकांनी फक्त उजेड पाहिला होता आणि वीज चमकली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

लग्नात फोटो काढले केम्फ मास्तरांनी. हा व्होल्गाकाठचा जर्मन. लढाईत त्याच्या अख्ख्या जमातीला गुरांच्या डब्यांत कोंबून इकडे आणून टाकलं होतं. कोकबुलाकच्या शाळेत तो पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवायचा, आणि परवानगीशिवाय गावाची हद्द ओलांडली तर थेट तुरुंग. फोटोचा कागद काळ्या वेष्टनात बांधून त्यानं लग्नाआधी काही दिवस उलबोल्सिनकडेच ठेवला होता. थंडीनं खराब होऊ नये म्हणून तिनं ते पुडकं गुंडाळलेल्या नमद्याच्या पोटात खुपसलं.

डिसेंबरात मास्तर तिच्या दारात आला, आत येऊन त्यानं दार लावलं, आणि एकही फोटो आला नाही असं सांगितलं. सगळा कागद काळवंडला होता. मग त्यानं नवा कागद काढला. उलबोल्सिनकडून पूर्वी नेलेली, नमद्याच्या कडेची कापून राहिलेली पट्टी त्या बंद पुडक्यावर दोन आठवडे ठेवली होती. ना उजेड लागला, ना पुडकं उघडलं. तरी कागदावर काळे ठिपके होते, बंदुकीच्या छऱ्यांनी चाळण केल्यासारखे.

“आपा,” तो म्हणाला, “तुमच्या नमद्यात काहीतरी आहे. तो लेकीकडून परत आणा आणि पुरून टाका.”

उलबोल्सिननं त्याच्या थोबाडीत दिली. नवरा गेला, बाप गेला, तेव्हाही कुणी तिच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. मास्तरचा चष्मा चुलीपाशी जाऊन पडला. त्यानं तो उचलून पुसला आणि शांतपणे विचारलं, आणखी मारायचं आहे का, की ऐकायचं आहे?

ऐक म्हणाला तर ऐकलं. ती तापट होती, मूर्ख नव्हती.

कोपऱ्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कातडी पखाल टांगली होती, तोंडापर्यंत भरलेली. मास्तरनं ती बोटानं ढकलली. पखाल डचमळली. तो म्हणाला, प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली, आणि प्रत्येक अणूच्या मध्यात एक गाभा असतो. युरेनियम नावाच्या धातूचा गाभा या पखालीसारखा आहे. प्रमाणाबाहेर भरलेला, कसाबसा एकत्र राहिलेला. आतले कण एकमेकांना ढकलतात, बाहेर पडायला बघतात, नुसत्या एका घट्ट चिकट्यानं धरलेले असतात. आता एक बारीक कण बाहेरून आला, न्यूट्रॉन म्हणतात त्याला. त्याच्यावर विजेचा भार नाही, म्हणून त्याला कुणी अडवत नाही, तो सरळ आत शिरतो. एवढ्यानं पखाल डचमळते, लांबट होते, कमरेत आवळते आणि फाटते. दोन अर्धे होतात. आणि ते दोन अर्धे एका दावणीला बांधलेल्या दोन वळूंसारखे एकमेकांपासून उधळतात.

“एक पखाल फाटली तर त्यात एवढं काय?” उलबोल्सिननं विचारलं.

“एक फाटली तर काहीच नाही. पण फाटताना दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर उडतात.”

मग त्यानं मेंढीच्या घोट्याची हाडं मागितली, मुलं खेळतात ती. कार्लिगाशची लहानपणची पिशवी अजून खुंटीवर होती. मास्तरनं हाडं जमिनीवर दाटीनं मांडली आणि शिसं भरलेलं एक हाड नेमानं फेकलं. एकानं दोन उडवली, दोहोंनी चार. हाडं भिंतींवर जाऊन आदळली. मग तीच हाडं त्यानं लांब लांब, विरळ मांडली आणि पुन्हा मारलं. एकाला लागलं आणि खेळ तिथंच थांबला. म्हणून धातू पुरेसा हवा, दाट हवा, तो म्हणाला. थोडा असला तर न्यूट्रॉन कडेनं निसटतात. पुरेसा झाला की दोनाचे चार, चाराचे आठ, असं ऐंशी वेळा, आणि हे सगळं पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्श्यात. याला विखंडन म्हणतात, म्हणजे फाटणं. सगळे तुकडे गोळा करून तोलले तर वजन मूळच्यापेक्षा किंचित कमी भरतं. ते हरवलेलं वजन म्हणजेच आग. त्या सकाळी छपरं उडवायला मूठभर गव्हाएवढं वजन हरवलं असेल, जास्त नाही.

उलबोल्सिनच्या डोळ्यांसमोर चाकावर आपटलेला म्हातारा होता. मूठभर गहू.

“पण वर्तमानपत्रात दुसरंच काहीतरी आलंय,” मास्तर आवाज उतरवून म्हणाला. “हायड्रोजनचा बॉम्ब, म्हणे. तो फाटत नाही, जुळतो. ते तुम्हाला मी काय शिकवणार, तुमचाच धंदा आहे तो.”

हायड्रोजन सगळ्यात हलका. त्याचे गाभे एकमेकांपाशी यायलाच तयार नसतात, सुटी लोकर जशी नुसती ठेवली तर सुटीच राहते. पण प्रचंड उष्णता दिली, कोटी कोटी अंशांची, आणि चहूकडून दाबलं, की ते इतक्या वेगानं आपटतात की एकमेकांना धरतात. धरलं की सुटत नाहीत. आणि जुळतानाही थोडं वजन हरवतं, त्याचीही आग होते, वजनाच्या मानानं फाटण्यापेक्षा कितीतरी जास्त. हे संमीलन. सूर्य दुसरं काही करत नाही. पृथ्वीवर एवढी उष्णता आणायची कुठून? तर आधी फाटण्याचा बॉम्ब फोडायचा. तो काडी, हा वणवा.

“म्हणजे वर तो नमदे करत बसलाय,” उलबोल्सिन म्हणाली, “आणि इथं त्याची नक्कल करायला यांना आधी आमची गुरं फाडावी लागतात.”

मास्तर हसला नाही. त्यानं मुद्द्याचं सांगितलं. सूर्याची आच विझली की विझली, इथं तसं होत नाही. फाटलेल्या पखालींचे अर्धे तुकडे मरत नाहीत. ते मूळचेच बिघडलेले, तोल गेलेले. शांत होईपर्यंत अंगातून किरण थुंकत राहतात. त्यांनी मातीला धरलं, माती आभाळात गेली, आणि धूळ होऊन तुमच्या मेंढ्यांवर उतरली. काही तुकडे चार दिवसांत थंड होतात, काही महिन्यांत. काहींना निम्मं थंड व्हायलाही तीस वर्षं लागतात. त्यातला एक चुन्याचा सख्खा भाऊ आहे, मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्या खालीच बसतो. अंगात गेला तर अंग त्याला चुना समजून हाडांत बसवून घेतं. हाडं नवी बनत असतील तर पहिल्यांदा.

“पाण्यानं जाईल?”

“लोकर असताना धुतली असती तर बरंचसं गेलं असतं. आता तुम्ही ते रगडून आत बसवलंय, आपा. तुमचं काम पक्कं असतं.”

याहून मोठी शिवी तिला जन्मात कुणी दिली नव्हती, आणि देणाऱ्यानं ती कौतुकानं दिली होती. त्या आठवड्यात बोझतोबेहून येणाऱ्या गुराख्याकडून निरोप आला: कार्लिगाशला दिवस गेलेत, उलट्या फार होतात, दिवसभर नमद्यावर पडून असते, काळजी करू नये.

उलबोल्सिननं धाड एकदम घातली नाही, हे हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आधी ती रीतीनं गेली. मेंढीचं मांस, लोण्याचा गडू आणि शेजारणीकडून मागून आणलेला जुना नमदा घेऊन गेली. विहीण कनिपा जिभेची तिखट. व्याही बेइसेम्बाय सामुदायिक शेताच्या टोळीचा मुख्य, पक्षाचा माणूस. मीठ घातलेला दुधाचा चहा झाला. उलबोल्सिननं सांगितलं, तो नमदा बिघडलाय, बदलून देते. कनिपानं आत जाऊन नमदा उलटासुलटा पाहिला आणि बाहेर येऊन सगळ्या बायकांदेखत विचारलं, कुठं बिघडलाय तो दाखवा. दाखवणार काय? मास्तरचं नाव घेतलं तर बेइसेम्बाय त्याला दुसऱ्या दिवशी आत टाकणार. स्फोटाचं नाव घेतलं तर सही केलेली. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, मी केलाय.

“विहीणबाई,” कनिपा म्हणाली, “आंदणाचा नमदा परत जातो दोनच वेळा. सून मेली तर, नाहीतर सून टाकली तर. तुम्हाला यातलं काय हवंय?”

बायका फिदीफिदी हसल्या. जावई मक्सुतनं सासूबाईंना घोडा आणून दिला. कार्लिगाश दारापर्यंत आली आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, एवढी लाज आणायची होती तर लग्नच कशाला केलंस? तिचे ओठ फुटले होते, चेहरा उतरला होता. उलट्यांनी असेल. नसेलही.

आता जुनी रीत राहिली होती. अपमान झाला, न्याय मिळाला नाही, तर समोरच्याची वस्तू ओढून आणायची, पण चोरून नाही. आधी निरोप धाडायचा, दिवसाउजेडी जायचं, दांडकी घ्यायची, बंदूक नाही. सरकारनं ती रीत कधीच गुन्हा ठरवली होती, आणि बाई तर अशा धाडीला कधी गेलीच नव्हती. उलबोल्सिननं गुराख्याकडून निरोप धाडला: शुक्रवारी दुपारी येते, नमदा दारात ठेवा. बातिमा आणि राखिया सोबत निघाल्या. बातिमाला तेव्हाच रक्ताचा खोकला लागला होता. आपण कशासाठी मार खायला चाललोय ते त्यांना माहीत होतं. त्या तीन दिवसांची धूळ त्यांच्याही छातीत होती.

बेइसेम्बाय दारात चाबूक घेऊन उभा होता. बायका येतायत म्हणून त्यानं माणसं जमवली नव्हती, ती त्याची चूक. त्याचा पहिला फटका उलबोल्सिनच्या गालावरून डोळ्यात गेला. डावा डोळा तिथंच गेला. ती ओरडली नाही. घोड्यावरून उतरली आणि लोकर बडवताना उचलायची तसं दांडकं डोक्यावर उचलून त्याच्या चाबकाच्या हातावर आणलं. कोपराखाली हाड मोडलं आणि कातडीतून पांढरं टोक बाहेर आलं. मक्सुतनं राखियाला केसांना धरून फरफटत नेलं. बातिमानं मागून त्याच्या तोंडावर दांडकं मारलं, नाकातून रक्ताची धार लागली, तरी त्यानं उलटून तिचे पुढचे दोन दात पाडले. शेजारी कुंपणावर चढून बघत होते. कुणीतरी पैज लावली.

उलबोल्सिन आत घुसली. नमदा अंथरलेला होता आणि त्याच्या मधोमध कार्लिगाश बसली होती, पोटावर हात धरून. कनिपा दुसऱ्या टोकाला आडवी पडली होती. उलबोल्सिननं कडेला धरून ओढलं. नमदा हलला, फाटला नाही; तिचाच होता तो. कनिपानं तिच्या मनगटाला चावा घेतला. तिनं कनिपाच्या तोंडात लाथ घातली. बेइसेम्बाय मोडका हात पोटाशी धरून दारात आला आणि ओरडला, पोलिसांना, मिलिशियाला निरोप गेलाय, आता कुठं जाशील?

तेव्हा उलबोल्सिननं सही मोडली. एका डोळ्यातून रक्त, दुसऱ्यातून पाणी, आणि तोंडात पखाली, घोट्याची हाडं, फाटणं, जुळणं, मूठभर गहू. सगळं उलटसुलट. शेवटी एवढंच सरळ आलं, की त्या सकाळी जे फाटलं त्याचे तुकडे या नमद्यात आहेत, ते मी माझ्या हातांनी रगडून आत बसवलेत, आणि ते तुमच्या नातवाच्या हाडांत जाऊन बसतील.

“कुणी शिकवलं तुला हे?” बेइसेम्बायनं विचारलं. वेदनेनं पांढरा पडला होता, तरी कान टवकारलेले.

“माझ्या कोपरांनी.”

कुणाचाच विश्वास बसला नाही. कसा बसेल? नमदा पांढराशुभ्र होता, मऊ होता, त्याला वास नव्हता. मग तिनं कमरेची सुरी काढली. आंदणाच्या नमद्याला पातं लावणं म्हणजे घराला शाप. तिनं सुरी खुपसली आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, लेकीला वळसा घालून, आपल्या हातचं सगळ्यात चांगलं काम उभं चिरलं. आता तरी यावर कुणी झोपणार नाही, असा तिचा हिशेब.

कनिपानं फुटलेल्या ओठांनी हसून दाखवलं. “चिर, आणखी चिर. आमच्यात काही वाया जात नाही. पाळण्याला तळ होईल.”

उलबोल्सिनच्या हातातून सुरी पडली. मारामारी तिला जमायची. बाप गोळीला सामोरा गेला तसं जाणं तिला सोपं होतं. पण तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ती गुडघ्यांवर आली, आणि कनिपाच्या शेणानं भरलेल्या बुटांवर तिनं रक्ताळलेलं कपाळ टेकवलं. पाळणा नको, म्हणाली. तुम्ही सांगाल ते करते, तुमच्या दारात राबते, पण पाळण्याला नको. कनिपानं पाय झटकला. बुटाची टाच त्याच फुटलेल्या डोळ्यावर बसली. उलबोल्सिन पुन्हा कपाळ टेकवायला पुढे सरकली.

कार्लिगाश हे बघत होती. भांडणारी आई तिनं जन्मभर पाहिली होती आणि तिच्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नव्हता, कारण भांडताना माणूस काहीही बोलतो. पाया पडणारी आई ती पहिल्यांदाच बघत होती. ती नमद्यावरून उठली. पडलेलं दांडकं तिनं उचललं आणि सासूनं पुन्हा पाय उगारला तेव्हा तो नडगीवर मारून खाली आणला.

“घोड्यावर टाका,” ती नवऱ्याला म्हणाली. “सगळे तुकडे. कडेची झालरही. नाहीतर मी हिच्याबरोबर निघाले.”

मक्सुत नाकाला बाही लावून उभा होता. बापाकडे त्यानं एकदा पाहिलं, बायकोच्या पोटाकडे एकदा, आणि तुकडे गुंडाळायला लागला.

तिघींनी ते गावाबाहेरच्या कोरड्या टेकाडावर पुरले. जाळायचं नाही, धूर होऊन पुन्हा अंगावर येईल, पाण्याच्या वाटेवर पुरायचं नाही, हे मास्तरनं बजावलं होतं. फेब्रुवारीत जमीन लोखंडासारखी. पहारीनं खणताना उलबोल्सिनच्या डोळ्यातलं रक्त गोठून गालावर काळं झालं होतं. मिलिशिया आली तेव्हा खड्डा कमरेपर्यंत भरला होता. मुद्देमाल म्हणून तो उकरायला शिपायानं फावडं घेतलं. उलबोल्सिन खड्ड्यात उतरून उभी राहिली आणि तिनं त्याला लेकरं किती आहेत ते विचारलं. शिपाई कोकबुलाकचाच होता. त्यानं ऑगस्ट पाहिला होता. त्यानं फावडं बातिमाच्या हातात दिलं आणि पाठ करून तंबाखू वळत बसला.

धाडीबद्दल दोन वर्षांची सजा लागली. स्फोटाबद्दल बोलल्याचा आरोप बेइसेम्बायनं लावला नाही. घरात ते ऐकलं हे कबूल केलं असतं तर सही न केलेल्या त्याच्या घरालाच प्रश्न विचारले गेले असते, तेवढं त्याला कळत होतं. मास्तरचं नाव कुठंच आलं नाही. जुलै महिन्यात कार्लिगाशला मुलगी झाली, हात पाय धड, रडणारी. त्या उन्हाळ्यात कोकबुलाकमध्ये पाच बाळंतपणं झाली. दोन पोरं जगली नाहीत, एकाला टाळू नव्हती. नमदा घरात राहिला असता तरी कार्लिगाशची धड झाली असती का, हे सांगू शकणारी टकटक पेटी ज्यांच्याकडे होती ते पुन्हा गावात फिरकले नाहीत.

उलबोल्सिनला तुरुंगातल्या कारखान्यात लावलं होतं. तिथं लोकर दाबून हिवाळी बूट करायचे. काम येतं म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला बडवण्यावर घेतलं. पोती आली. तिनं हात लावण्याआधी मुकादमाला विचारलं, ही लोकर कुठली? त्यानं बडव म्हणून सांगितलं. तिनं पोतं उचललं आणि हौदाकडे धुवायला चालती झाली. त्यानं मागून तिला ढकललं, ती हौदाच्या कडेवर पडली, उठली आणि विलोच्या छडीनं त्याला कान फाटेपर्यंत मारलं. त्याबद्दल एक वर्ष वाढलं. नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती धावत होती.

पण त्या दिवसापासून तिथली लोकर धुऊन घ्यायला लागले. मुकादमाला कारण कळलं नव्हतं. त्याला फक्त कान आठवत होता.